चौदा नंबरचा डावा गाल

सलग तिसऱ्या शनिवारी मर्ना क्विल्टी ब्रॉनच्या डायव्हिंग-सामानाच्या दुकानात शिरली, सरळ काचेच्या कपाटाशी गेली आणि तेच दोन दिवे पुन्हा हातात घेऊन उभी राहिली. एका हातात फ्लॅश, दुसऱ्यात सतत जळणारा दिवा. वजन पाहावं तसे तिने दोन्ही खालीवर केले. वजनाचा या निर्णयाशी काही संबंध नाही, हे तिला ठाऊक होतं.

"मर्नाबाई, ते दिवे आता तुम्हाला ओळखायला लागलेत," गल्ल्यामागून ब्रॉन म्हणाली. "आज घरी न्या, नाहीतर मी त्यांची शाळेत नावं घालते."

"आज नेणार," मर्ना म्हणाली आणि दोन्ही दिवे परत कपाटात ठेवले.

मर्ना बासष्ट वर्षांची होती. त्यांतली चौतीस वर्षं तिने इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या काचपट्ट्या तपासण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर पोर्ट हॅलमला आल्यावर इथल्या डायव्हिंग क्लबने तिच्याकडे धक्क्याखालच्या लीफींची वही सोपवली. लीफी म्हणजे सी-ड्रॅगन. पाण्यात तरंगणारी गवताची जुडी वाटावी असा वीतभर लांबीचा मासा. प्रत्येकाच्या डाव्या गालावरच्या पांढऱ्या रेघा वेगळ्या असतात. वहीत तेवीस लीफींची नोंद होती. दोन उन्हाळ्यांपूर्वी विषारी शेवाळ आलं, आणि तेव्हापासून एकही दिसला नव्हता. म्हणजे नोंदवण्यासारखा दिसला नव्हता. कारण वहीच्या पहिल्या पानावर मर्नाने स्वतःच्या हाताने नियम लिहिला होता: डाव्या गालाचा स्पष्ट फोटो नसेल, तर नोंद नाही.

पंधरा दिवसांपूर्वी धक्क्याच्या नवव्या खांबाशी तिला एक लीफी दिसला. तो चौदा नंबर असावा असं तिला वाटलं. तिच्या जुन्या कॅमेऱ्याने मात्र जे टिपलं, ते लीफी असू शकत होतं, शेवाळ असू शकत होतं, किंवा कुणाचा तरी हरवलेला मोजा.

वहीचा तक्ता सोमवारी विद्यापीठात जायचा होता. यंदाच्या रकान्यात शून्य होतं. एकोणीस आणि वीस यांतला फरक मोजमापातली चूक म्हणून सोडून देता येतो. शून्य आणि एक यांतला देता येत नाही. त्यातच रविवारी संध्याकाळपासून पूर्वेचा वारा सुटणार होता. तो सुटला की पाणी दोन-तीन आठवडे गढूळ राहतं.

"सगळे विचारतात, सर्वांत प्रखर दिवा कोणता," ब्रॉन म्हणाली. "तुम्ही ते एकदाही विचारलं नाहीत."

"खोक्यावरचा आकडा खोका विकणाऱ्यानेच मोजलेला असतो."

मर्नाने स्वतः मोजलं होतं. घरी कपडे धुण्याच्या टाकीत पाणी भरून त्यात तिने दुधाचे चार थेंब टाकले, तळाशी ठिपकेदार राजम्याचा एक दाणा ठेवला आणि विजेरी निरनिराळ्या जागी धरून एकसष्ट फोटो काढले. प्रकाश भिंगाजवळून आला की दुधाचे कण उजळत आणि दाण्यावर हिमवर्षाव होई. विजेरी दोन हात बाजूला नेली की हिम नाहीसं होई आणि ठिपके मोजता येत. म्हणजे प्रश्न प्रखरतेचा नव्हता, अंतराचा होता. फ्लॅश हालचाल गोठवतो, हे खरं. पण मिनिटाला वीतभर सरकणाऱ्या प्राण्याला गोठवून काय मिळवायचं? शिवाय सतत जळणाऱ्या दिव्यात बटण दाबण्याआधीच कळतं, उजेड गालावर पडतोय की नुसत्या शेपटीवर.

इतकं सगळं तिला गेल्या शनिवारीही माहीत होतं.

"दोन दिवे," ती एकदम म्हणाली. "सतत जळणारे. लांबातले लांब दांडे. तो छोटा कॅमेरा आणि त्याची पाणबंद पेटी."

ब्रॉनने ती विचार बदलायच्या आत सगळं बांधून दिलं. "आणि पहिल्या बुडीला पेटी रिकामी न्यायची. गळती कळावी म्हणून आत टिश्यू पेपर. मी सांगायला हवं असं नाही."

"नाही," मर्ना म्हणाली. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

रविवारी सकाळी नऊला तासो धक्क्यावर जॅम-क्रीम भरलेला किचनर बन खात बसला होता. तासो कॅटसारोस हा गावातला प्लंबर, गेली पाच वर्षं तिचा बुडीतला जोडीदार. मर्ना गाडीच्या मागच्या फळीवर पेटीचं रबरी कडं काढून पुसत होती. पुसून बसवलं. परत काढलं. परत पुसलं.

"अगं, झिजेल ते," तासो म्हणाला.

"वारा दुपारी येईल असं आता म्हणतायत. काल संध्याकाळ म्हणत होते."

"मग घाल कॅमेरा आत. मी तीस वर्षं रबरी कडी बसवतोय. ही गळणार नाही."

"तीस वर्षांत तुझी एकही गळली नाही?"

तासोने बोटावरचं क्रीम चाटलं. "त्या बाईंचं छत आधीपासूनच ओलं होतं."

मर्नाने कॅमेरा उचलला, पेटीत ठेवला, काढला. नव्या यंत्रावर पहिला नमुना कधीच रुग्णाचा लावायचा नाही, हे ती नवख्यांना चौतीस वर्षं सांगत आली होती. तिने टिश्यूची घडी आत ठेवली आणि पेटी बंद केली. ठरलं असं: दहाला रिकामी बुडी, तासभर विश्रांती, मग कॅमेऱ्यासह दुसरी.

खाली पाणी स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ, की तिला राग आला. दांड्यांचे सांधे तपासावेत म्हणून तिने दिवे लावले. करड्या दिसणाऱ्या खांबांवर क्षणात नारिंगी आणि जांभळे रंग फुटले. सहावा खांब, सातवा. आठव्याशी तिने हवेचा काटा पाहिला, गरज नसताना परत पाहिला. नवव्याशी गवताची एक जुडी प्रवाहाच्या उलट दिशेने सरकत होती.

लीफी हातभर अंतरावर होता. तो सावकाश वळला आणि त्याने डावा गाल उजेडात धरला. वर दोन अखंड रेघा. खाली एक मधोमध तुटलेली. डोळ्यामागे एक ठिपका. दिवे नेमके हवे तिथे पडले होते. पाण्यात हिमाचा एक कण नव्हता. टाकीतल्या एकसष्ट फोटोंपैकी एकही इतका चांगला नव्हता.

मर्नाने बटण दाबलं. पेटीच्या काचेतून टिश्यू पेपर तिच्याकडे पाहत होता.

तिने त्या गालावरच्या रेघा तीनदा मोजल्या. तासो खांबाच्या पलीकडे होता. तो वळसा घालून येईपर्यंत लीफी गवतात शिरला होता. त्याने तिच्या हातातली पेटी पाहिली, आणि त्याच्या तोंडातल्या नळीतून हसण्याचे बुडबुडे फुटले. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि बुडबुडे थांबले.

वर आल्यावर तिने पेटी उघडली. टिश्यू ठणठणीत कोरडा.

"बघ," तासो हळूच म्हणाला, "कडं बरोबर बसलं होतं."

"आता ते कळलं. आधी कळलं नव्हतं."

तिला तासभर बसवेना. ती धक्क्याच्या टोकापर्यंत गेली, आली, परत गेली. अकराला पाण्यावर सुरकुत्या उठल्या. साडेअकराला कॅमेरा आत घालून दोघं उतरली, तेव्हा नववा खांब शोधायला हाताने चाचपावं लागलं. पस्तीस मिनिटं त्यांनी दुधात गवत चाळलं आणि थंडीने कुडकुडत वर आली.

गाडीत हीटर लावून तासो म्हणाला, "चौदाच होता ना?"

"रेघा जुळल्या."

"मग लिही एक. वही तुझ्याकडे, नियम तुझा. कोण विचारणार आहे? वाटल्यास मीही पाहिला म्हणून सांगतो."

"तू शेपूट पाहिलीस."

"शेपूट तर शेपूट. एप्रिलमध्ये मी आख्खा पाहिला होता, तर तू काय म्हणालीस आठवतं? 'तासो, आठवण हा पुरावा नाही.' दोन आठवडे बायको घरात तेच ऐकवत होती."

मर्नाला आठवत होतं. एप्रिलमधली तासोची नोंद तिने पट्टी लावून सरळ रेघेने खोडली होती. त्याने खांबाचा क्रमांक सांगितला होता. तो तिने विचारलाही नव्हता. नववाच.

घरी आल्यावर ती ओल्या केसांनीच वही घेऊन बसली. पेन उचललं, ठेवलं. उठून खिडकीतून वारा पाहिला. पुन्हा बसली. रकान्यात तिने शून्यच राहू दिलं. मग शेवटचं कोरं पान काढून मथळा लिहिला: "पाहिले, पुरावा नाही." त्याखाली पहिली नोंद: "२० एप्रिल, नववा खांब, त. कॅटसारोस." दुसरी: "आज, नववा खांब, म. क्विल्टी, डावा गाल चौदाशी जुळतो असे निरीक्षकाचे मत." "मत" या शब्दाकडे ती बराच वेळ पाहत राहिली. तो शब्द बरोबर होता आणि तिला अजिबात आवडला नाही.

हे पानही तक्त्याबरोबर पाठवायचं, असं तिने ठरवलं. मग कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावली, आणि ती भरली का हे पाहायला पाच मिनिटांत पुन्हा उठली.