हलक्या क्लचची गाडी

मी बोलतेय. हो, मीच, जाळ्यांच्या ढिगाआडची ही लाल गाडी. चाकं शोधू नका, ती मला कधीच नव्हती. मी व्हिडिओ गेमची गाडी. खुर्ची, स्टेअरिंग, गिअरचा दांडा, पायाशी तीन पेडलं आणि समोर पडदा. नाणं टाकलं की निघाले.

वर्तकनगरच्या पार्लरमध्ये होते तेव्हा काय माझा तोरा! पोरं माझ्यासाठी भांडायची. मी चौथ्या गिअरमध्ये जागेवरून सुटायचे, चढावर कधी दमायचे नाही, भिंतीवर आपटले तरी पुन्हा टुणटुणीत. क्लच होता, पण नावालाच. बोट टेकवलं तरी आत जायचा आणि नाही दाबला तरी माझं काही अडायचं नाही. जगातल्या सगळ्या इंजिनांत मीच शहाणी असं मला वाटे.

मग तिथे नवं मशीन आलं आणि ठाण्याच्या खाडीवरच्या कोळीवाड्यातल्या मोरूने मला विकत घेतलं. त्याने घराच्या पडवीतच पार्लर थाटलं.

मोरूचा थोरला भाऊ कान्हा. त्याचा टेम्पो होता. धक्क्यावरची मासळी तो डोंबिवलीच्या बाजारात न्यायचा आणि त्याची बायको सगुणा तिथे विकायची. त्या वर्षी पावसाच्या तोंडावर बर्फाच्या पाण्यावरून तो घसरला. डावा पाय मोडला. हाड जुळलं, पण पायातलं बळ गेलं ते गेलंच. टेम्पोचा क्लच काही केल्या दबेना.

पावसात होड्या बंद, तोवर ठीक होतं. नारळी पुनवेला दर्यात नारळ पडला की मासळी येणार, ती नेणार कोण? पुनवेपर्यंत घरात ड्रायव्हर उभा राहिला नाही तर टेम्पो विकायचा असं ठरलं. कान्हा त्या दिवशी जेवला नाही.

"मी चालवीन," सगुणा म्हणाली. सगळे हसले. कान्हा तेवढा हसला नाही.

ती माझ्यावर शिकायला बसली. थोड्याच दिवसांत पोरांना मागे टाकू लागली. शिकाऊ लायसन्स आलं तशी कान्हाला शेजारी बसवून तिने खरा टेम्पो काढला. धक्क्याच्या चढावर शेळी आडवी आली. सगुणा थांबली आणि पुन्हा निघताना तिने माझ्यासारखाच क्लच धाडकन सोडला. टेम्पोने आचका दिला, बंद पडला आणि मागे घरंगळला. कान्हाने हँडब्रेक ओढेपर्यंत चढाखाली राहणाऱ्या दगडाबाईचं कोंबड्यांचं खुराडं आडवं झालं होतं.

"इकून टाका ती गारी," घरी येऊन सगुणा म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

"अगो, तुझा काय चुकला?" कान्हा म्हणाला. "ही खेळातली गारी. हिला चवथ्यात सोरली तरी पलते. आपलीला जीव हाय, ती गुदमरते. बस, मी दाखवतंय."

त्याने माझा आवाज बंद केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मासळीची एक पाटी उपडी घालून तो माझ्या शेजारी बसला, आखडलेला पाय लांब केला आणि स्वतःच्या तोंडाने टेम्पो सुरू केला. घर्र घर्र घर्र. तिने क्लच भसकन सोडला की तो "खक्!" करून गप्प. मग तिने पुन्हा चालू करायची. चढ आला की त्याचा आवाज जड व्हायचा, तिने गिअर उतरवला की मोकळा व्हायचा. पडद्यावर मी भरधाव पळत होते आणि दोघांपैकी एकजण माझ्याकडे बघेल तर शपथ! ती डोळे मिटून त्याचं इंजिन ऐकत होती. इतकं खरं इंजिन मी आजवर ऐकलं नव्हतं.

असं रोज चाललं. खऱ्या टेम्पोवरही दोघं जाऊन आली. लायसन्स मिळालं. पुनवेला वाजतगाजत नारळ गेला, होड्या निघाल्या.

पहिली मासळी आली त्या पहाटे टेम्पो पाट्यांनी भरला. कान्हाला बसायलाही जागा उरली नाही. तो पडवीत आला आणि माझ्या खुर्चीत बसला. बाहेर टेम्पो सुरू झाला. धक्क्याच्या चढावर आवाज जड झाला, आणखी जड झाला. कान्हाचा हात माझ्या गिअरवर गेला, दुखरा डावा पाय क्लचवर. आवाज मोकळा झाला आणि वळणापलीकडे गेला.

"उचलली गारी!" तो ओरडला. एकटाच होता, म्हणून मनसोक्त रडला.

आता पार्लर बंद आहे. पोरं कॉम्प्युटरवर खेळतात. माझा पडदाही गेला. मोरू मला भंगारात द्यायचं म्हणतो. मोरूभाऊ, पहाटे एकदा पडवीत डोकावून बघा. रोज सगुणाचा टेम्पो चढाला लागतो तेव्हा तुमचा भाऊ इथे माझ्यापाशी असतो. खऱ्या गाडीचा क्लच त्याला दाबता येत नाही. माझा येतो.