उमरेडच्या रंगमंचावर चढलेला स्वेटर

मित्रांनो, मी एक जुना, चॉकलेटी रंगाचा स्वेटर आहे. माझ्या कोपरांना कसर लागली आहे आणि गळा सैल पडला आहे. नागपूरच्या सदर भागात दोन खोल्यांचे एक भाड्याचे घर आहे. तिथल्या पत्र्याच्या पेटीत मी बरीच वर्षे काढली.

मला प्रेमिलाने विणले. तिला विणकाम येत नव्हते. पण १९६९ च्या हिवाळ्यात तिचा नवरा गिरिधर न्यूमोनियाने आजारी पडला आणि पंधरा दिवस दवाखान्यात होता. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावले की यांची छाती जपा, पुन्हा थंडी बाधली तर कठीण आहे. मग प्रेमिलाने लोकर आणली, शेजारच्या सिंधूताईंकडून उलटे-सुलटे टाके शिकून घेतले आणि मला विणायला घेतले. तिने मला तीनदा उसवले. चौथ्यांदा मी झालो. पुढच्या हिवाळ्यात गिरिधर मला घालून सायकलवर कचेरीत जाऊ लागला. तिथे तो टायपिस्ट होता.

कचेरी सुटली की तो नाटकाचा. चंपतराव नावाच्या गृहस्थांनी एक हौशी मंडळी जमवली होती. नाटक लिहायचे तेच, बसवायचे तेच आणि त्यात मोठी भूमिका करायचे तेही तेच. त्या वर्षी त्यांनी एक नवे नाटक लिहिले. त्यात एक म्हातारा भिकारी कडाक्याच्या थंडीत श्रीमंताच्या दाराशी बसतो, तीनदा हाक मारतो, दार उघडत नाही आणि पहाटे तो तिथेच मरतो. श्रीमंत चंपतराव. भिकारी गिरिधर.

जानेवारी १९७१ मध्ये उमरेडच्या विणकरांनी त्यांच्या उत्सवात या नाटकाचा प्रयोग ठेवला. मंडळी दुपारच्या एस. टी.ने निघाली. प्रेमिलाही सोबत आली आणि मी तिच्या पिशवीत.

नागपुरात तालमी बंद खोलीत झाल्या होत्या. उमरेडला मात्र प्रयोग उघड्या मैदानावर होता. त्या रात्री बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघत होती. लोक घोंगड्या, चादरी, गोणपाट, मिळेल ते पांघरून बसले होते. गिरिधरच्या अंगावर झिरझिरीत फाटका सदरा आणि गुडघ्यापर्यंतचे धोतर होते. पाय अनवाणी.

प्रेमिला पडद्यामागे गेली आणि तिने मला पुढे केले. "सदऱ्याच्या आतून हा घालून घ्या. कोनाले दिसते?"

"अवं, फाटक्यातून लोकर दिसंल ना," गिरिधर म्हणाला. "स्वेटरवाला भिकारी पाहून लोक हसतीन मले."

चंपतरावांनी मान डोलावली. "घंट्याभराचं तं काम आहे, वहिनी. काही होत नाही."

ती बाहेर आली. मला मांडीवर घेऊन पुढच्या रांगेत जाऊन बसली.

तिसरा अंक सुरू झाला. गिरिधर लाकडी पायरीवर अंग चोरून बसला. "मालक, दार उघडा," त्याने पहिली हाक मारली. ती नीट लागली. दुसरी हाक मारताना त्याचे दात वाजू लागले आणि शब्द तुटले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसरी हाक न मारताच तो आडवा झाला. त्याचे ओठ काळेनिळे पडले होते आणि बोटे वळली होती.

शेजारी रुखमाबाई नावाची एक म्हातारी विणकरीण बसली होती. ती कौतुकाने म्हणाली, "काय नक्कल करून राहिला वं हा मानूस."

"नक्कल नाही, मावशी," प्रेमिला म्हणाली. "माहा नवरा आहे तो. त्याले खरंच थंडी भरली."

आणि ती उठली. बाजूच्या फळीवरून ती सरळ रंगमंचावर चढली. मैदान चिडीचूप झाले. लोकांना वाटले, हेही नाटकातलेच.

ती त्याच्याजवळ बसली. "उठा. हात वर करा."

"अवं, नाटक सुरू आहे," तो पुटपुटला.

"मले दिसून राहिलं. हात वर करा."

डोक्यावर टांगलेल्या माइकने हे सगळे मैदानभर पोचवले. थोडे लोक हसले, मग तेही गप्प झाले. गिरिधरचे हात वळत नव्हते. लहान मुलाला घालावे तसे तिने एकेक हात धरून मला त्याच्या अंगात चढवले. त्याची छाती दगडासारखी गार होती. मी विणला गेलो ते कशासाठी, हे मला त्या क्षणी समजले.

भिकारी मेल्यावर उघडायचे दार चंपतरावांनी घाईघाईने उघडले आणि जाड कोटात ते तसेच उभे राहिले. त्यांना वाक्य सुचेना. गिरिधरने त्यांच्याकडे पाहिले आणि सावकाश म्हणाला, "मालक, आता नाही उघडलं तरी चालते."

टाळ्या पडदा पडल्यावरही चालू होत्या.

आत गेल्यावर चंपतराव म्हणाले, "वहिनी, तुम्ही माहा शेवट मारला."

"शेवट तुम्ही दुसरा लिहू शकता, भाऊजी," ती म्हणाली. "मी मानूस दुसरा कुठून आनू?"

गिरिधरला तीन दिवस ताप आला. छातीवर मात्र गेला नाही. चारचौघांत शोभा झाली म्हणून दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने चहा मागितला आणि मी कुठे आहे ते विचारले. चंपतरावांनी पुढच्या प्रयोगांत जुनाच शेवट ठेवला. गिरिधर प्रत्येक वेळी सदऱ्याच्या आत मला घालून मेला. कोणाला काही दिसले नाही.

मी आठ-नऊ हिवाळे असे काढले. मग बाजारात यंत्रावर विणलेले हलके स्वेटर आले. गिरिधरने एक घेतला आणि मी डांबरगोळ्यांसोबत पेटीत गेलो. वर्षातून एकदा ऊन, बाकी अंधार. कसरीने आपले काम केले.

परवाच्या डिसेंबरात प्रेमिलाने पेटी उघडली. मला वाटले, बोहारणीला देणार. तिने माझ्या बाह्या दोनदा दुमडल्या, साडीवरूनच मला अंगात घातले आणि ती पहाटेच्या नळावर पाणी भरायला गेली. तेव्हा माझ्या लक्षात आले की इतक्या वर्षांत या घरात तिच्यासाठी गरम कपडा कधी आलाच नव्हता.

मित्रांनो, गरम कपड्यांना ऊन दाखवा, पेटीत कडुनिंबाचा पाला घाला, हे तुम्हाला सगळेच सांगतील. मी एवढेच सांगतो, की थंडी पडली की घरात एकदा नीट पाहा. सगळ्यांना पांघरूण घालणारे माणूस स्वतः काय पांघरते, ते बघा.