कार्यालयाच्या ओळीत

टेबलावरचं श्रवणयंत्र बारीक शिटी वाजवू लागलं. मुलीने दुपारी झोपताना ते कानातून काढलं होतं, बंद करायचं राहिलं होतं. तिला ती शिटी कधीच ऐकू यायची नाही. आईने ते बंद केलं, लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि पुन्हा लॅपटॉपसमोर बसली.

बुटांच्या कारखान्यात ती आकडेवारी बघायची. समोर चार चौकटींचा तक्ता होता. आडव्या ओळी दोन: गरोदरपणी आई तळवे चिकटवायच्या गोंदखात्यात, किंवा कार्यालयात. उभे रकाने दोन: मुलाला नीट ऐकू येतं, किंवा येत नाही. गोंदाच्या वाफेचा कानांशी संबंध नसता, तर ऐकू न येणाऱ्या मुलांचं प्रमाण दोन्ही ओळींत साधारण सारखं निघालं असतं. निघालं नव्हतं, आणि फरक योगायोगावर ढकलण्याइतका किरकोळ नव्हता. 'संबंध आहे' असं लिहिलं, की गरोदर बायकांना तिथून हलवणं कारखान्याला भाग होतं. तिच्या नणंदेला चौथा महिना लागला होता. नणंद गोंदखात्यातच होती.

व्यवस्थापकांचा फोन आला. "बाई, तुमची मुलगी कुठल्या ओळीत धरलीत?"

"गोंदखात्यात. ती पोटात असताना मी तिथेच बसून नोंदी घ्यायचे."

"पगार कार्यालयाचा होता ना? मग कार्यालयात धरा." मग आवाज मऊ झाला. "तिच्या नव्या यंत्राची मंजुरी माझ्याच टेबलावर आहे. गोड पोर आहे हो."

तिने लेकीला एका ओळीतून उचलून दुसरीत ठेवलं. मोजक्याच मुलांच्या तक्त्यात एक पोर इकडचं तिकडे झालं की पारडं फिरतं. संबंध सिद्ध होत नाही, असं उत्तर आलं. तिने ते पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नणंद कामावरून थेट आली. अंगाला गोंदाचा वास होता.

"वहिनी, साहेब म्हणाले काही धोका नाही. मी सगळ्यांना सांगितलं, आकडे माझ्या वहिनीचे आहेत, निवांत बसा. नाहीतर मला शिलाईत धाडलं असतं, त्या खडूस मुकादमिणीच्या हाताखाली."

"बस, पाणी आणते," ती म्हणाली.

मुलगी आत्याच्या पोटाला कान लावून बसली होती. तिने मान वर केली.

"आई, आत्याच्या बाळाचं यंत्र कुठल्या रंगाचं आणायचं?"