सगळ्यांत रुंद जागा

भुयारी रेल्वेच्या चाळीस स्थानकांना महिनाभर चाळीस दिव्यांग खेळाडूंची नावं द्यायची होती. नवा नकाशा काढताना नकाशेवाल्याने एकच हिशेब ठेवला: नाव किती लांब आणि जागा किती रुंद. त्या चाळिसांत त्याच्या थोरल्या बहिणीचं नाव सगळ्यांत लांबलचक. ते मावलं मधोमध, सगळ्यांत जुन्या स्थानकावर. तिथे लिफ्ट नाही, चौसष्ट पायऱ्या आहेत, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण टेबलावरच्या आडव्या कागदाला कुठल्या आल्यात पायऱ्या!

नकाशावरच्या लिफ्टच्या निळ्या खुणा रेल्वेच्या साहेबांनीच काढून टाकायला लावल्या. एवढ्या थोरामोठ्यांच्या नावांत गिचमीड नको, म्हणाले. नकाशेवाल्याने मान डोलावली. मान डोलवायला पैसे पडत नाहीत.

ताई खुर्चीत बसून गोळा फेकायची. दीड महिन्यावर स्पर्धा, आणि उजवा खांदा दुखावलेला. त्यावर भार पडला तर हात गेलाच समजा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लिफ्ट कुठे आहे, कुठे नाही, हे तिला तोंडपाठ होतं, पण स्थानकांच्या जुन्या नावांनी. ती नावं आता पुसली गेली होती.

नव्या नावांच्या अनावरणाच्या सकाळी त्याने ताईला फोन करून मोटार पाठवतो म्हटलं.

"अरे रेघोट्या, माझ्या नावाचं स्थानक, आणि मी मोटारीने येऊ?"

तिथे लिफ्ट नाही, एवढे तीन शब्द बोलायचे होते. चूक आपल्या हातची, म्हणून जीभ रेटेना. शेवटी धीर करून त्याने पुन्हा फोन लावला, तेव्हा ती भुयारात शिरली होती. फोन लागेना.

तो जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. खाली गाडी आली, गेली. मग दणका ऐकू आला: पायरीवर खुर्ची आपटल्याचा. ताई बसल्या बसल्या, एकेक पायरी, खुर्ची मागे ओढत वर येत होती. हाक मारणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

तो धावणार, तोच साहेबांनी दंड धरला. "थांबा हो. असं दृश्य मागून मिळत नाही." कॅमेरे जिन्याकडे वळले.

नकाशेवाल्याची मान सवयीने डोलली.

लोक टाळ्या वाजवत होते, तो दणके मोजत होता. एकतिसाव्यानंतर आवाज आला नाही. तेव्हा कुठे तो दंड सोडवून खाली धावला.

ताई पायरीवर बसली होती. डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवत होती, दुसऱ्या कुणाची वस्तू ठेवावी तसा.

"रेघोट्या," तिने विचारलं, "अजून किती राहिल्या रे?"

तेहेतीस. त्याला ठाऊक होतं.