पिवळ्या शर्टावरची शाई

"फ्रॉक काढ आधी," ओझेला म्हणाली. वर्नीटाने पाठ फिरवली तेव्हा मानेपासून कमरेपर्यंत निळी शाई उडालेली दिसली.

फ्रॉक नवा होता. कोर्टाने गोऱ्यांच्या शाळेचं दार काळ्या मुलांना उघडलं होतं खरं, पण अलाबामातल्या त्या गावात आत पाऊल टाकायला वर्नीटाखेरीज कुणी धजलं नव्हतं. म्हणून चर्चमधल्या बायकांनी मिळून तो शिवला होता. ओझेलाने खळ घालून इतका कडक केला होता, की वर्नीटा हसून म्हणाली होती, "आई, हा तर माझ्याशिवायही शाळेत जाईल."

आता ती हसत नव्हती.

"कुणी केलं?"

"मागच्या बाकावरच्या मुलानं."

"नाव काय त्याचं?"

"तो माझं विचारतो का? पिवळ्या चौकड्यांचा शर्ट घालतो. एक बटण तपकिरी, बाकी पांढरी."

ओझेलाने हातातलं ताकाचं भांडं खाली ठेवलं. जुळणारं सापडेना म्हणून ते तपकिरी बटण तिनेच लावलं होतं. हॅलिडेबाईंच्या घरचे कपडे ती वर्षानुवर्षं धूत होती. त्यांच्या ड्वेनची लंगोटंसुद्धा तिच्याच दोरीवर वाळली होती.

"मी आपल्या जुन्या शाळेत जाते, आई. छत गळू दे मेलं. मिस अर्डेल दारात उभ्या राहून एकेकीला हाक मारायच्या, वेणी सुटली तर बांधायच्या. इथं माझं नावच कुणी घेत नाही."

ओझेलाही त्याच शाळेत शिकली होती. तिथल्या शेगडीची ऊब, ओल्या कोटांचा वास तिला आठवला आणि पोरीला उद्याच परत धाडावं असं फार वाटलं.

"बघू," ती म्हणाली आणि मीठ-ताक लावून डाग चोळत बसली. डाग निघाला.

शनिवारी हॅलिडेबाईंची धुण्याची टोपली आली. तोच शर्ट, उजव्या बाहीवर तीच शाई. ताक घरात होतं, मीठही होतं. ओझेलाने शर्ट नुसत्या साबणाने धुतला, झकास इस्त्री केली आणि डाग वर येईल अशी घडी घातली.

संध्याकाळी हॅलिडेबाई गाडीतून न उतरताच म्हणाल्या, "अगं, हा डाग राहिला की."

"राहिला, बाई."

"तुझ्या हातून? शाई तर तुझ्या डाव्या हातचा मळ."

"हो ना. परवाच माझ्या पोरीच्या पाठीवरची काढली. ही कुठून आली, ते ड्वेनला विचारा."

बाईंनी बाहीकडे पाहिलं, मग दोरीवरच्या फ्रॉककडे.

"पुढच्या आठवड्यापासून टोपली येणार नाही, ओझेला."

"बरं, बाई."

ओसरीवर उभी असलेली वर्नीटा सगळं ऐकत होती. सोमवारी सकाळी जुन्या शाळेचं नाव न काढता तिने फ्रॉकसाठी दोन्ही हात वर केले.

हळूहळू बाकीच्या गोऱ्या घरांच्या टोपल्याही थांबल्या. ओझेला मग गिरणीत झाडू मारायला जाऊ लागली. आता म्हातारपणी लेकीने घरात कपडे धुण्याचं मशीन आणून ठेवलंय, पण अंगणातली दोरी ती कुणाला सोडू देत नाही. एके काळी अर्ध्या गावाचे कपडे त्या दोरीवर दाटीवाटीने वाळायचे. त्या हिवाळ्यात मात्र दोरीवर रोज संध्याकाळी वर्नीटाचा शाळेचा एकच फ्रॉक असायचा, आणि त्याला वाऱ्यावर हलायला भरपूर जागा होती.