धावपट्टीची शेवटची तीनशे पावलं

"मावशी, पट्टी साफ आहे ना?" मनोऱ्याच्या जिन्यावरून धडधडत उतरत साहेबांनी विचारलं. "मोठं विमान येतंय. एक इंजिन बंद पडलंय, दुसरं आचके देतंय. नव्या विमानतळापर्यंत पोचत नाही ते."

खडेमावशीच्या हातातला चहा हातातच राहिला. रोज सकाळी धावपट्टी पायी तुडवायची आणि खडा, खिळा, काच, जे दिसेल ते उचलायचं, हे तिचं सव्वीस वर्षांचं काम. नाव त्यावरूनच पडलेलं. एवढासा खिळा इंजिनात गेला, तर होत्याचं नव्हतं व्हायचं.

तिच्या सासऱ्यांनी इथे गवतावर उतरलेलं पहिलं विमान पाहिलं होतं. गुरं दावी तोडून पळाली होती म्हणे. मग सिमेंट आलं, मनोरा आला, पाठोपाठ शहर आलं आणि घरांनी चारी बाजूंनी वेढा घातला. मोठी विमानं शहराबाहेर गेली. उरली चार-सहा आसनांची चिमुकली. त्यांना अर्धी पट्टीही पुरून उरायची. म्हणून गुडघे बोलायला लागल्यापासून मावशी शेवटची तीनशे पावलं गाळत होती. या कानाचं त्या कानाला कळलं नव्हतं.

"मावशी, बोला की!"

नुसतं 'हो' म्हटलं असतं, तरी खपून गेलं असतं.

"शेवटचा तुकडा राहिलाय, साहेब. आजचाच नाही. वर्ष झालं."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. पण ते एवढंच म्हणाले, "आठ मिनिटं आहेत. बंबवाले, गाडी काढा!"

टोकाला पोचले तर भिंतीपलीकडच्या बांधकामावरून उडालेला अख्खा पत्रा पट्टीवर आडवा पडलेला. साहेब आणि बंबवाल्याने तो ओढत गवतात नेला. मावशी खाली वाकून काचा, खिळे ओच्यात भरत राहिली. गुडघे आहेत हेच ती विसरली होती.

"मावशी, बाजूला!"

ते पट्टीच्या पलीकडच्या टोकाच्या घरांच्या गच्च्यांवरून आलं. एवढं मोठं, एवढं खाली आणि जवळजवळ निःशब्द. ओचा सावरत मावशी कडेच्या गवतात सरकली. मग चाकं टेकली, जमीन हादरली, रबराचा धूर उसळला. ते धावतच राहिलं. निम्मी पट्टी संपली, पाऊण संपली, आणि भिंतीपासून चाळीस पावलांवर ते एकदाचं थांबलं.

"बाप रे," बंबवाला पुटपुटला, "बाप रे बाप."

दारं उघडली. दीडशेवर माणसं घसरत खाली आली. एक म्हातारे गृहस्थ सिमेंटवर तळहात टेकवून बसले, ते उठेचनात. मावशी बघत राहिली. इतकी वर्षं तिने ही जमीन झाडली होती, पण ती कुणाच्या एवढी कामी येईल असं कधी मनात आलं नव्हतं.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "अहवालात काय लिहू?"

"खरं तेच."

त्यांनी तसंच लिहिलं. मावशीला ताकीद मिळाली. तिने अंगठा उठवला.

पुढच्या वर्षी विमानतळ बंद झाला आणि पट्टी लोकांना फिरायला खुली झाली. पहिल्याच संध्याकाळी मावशी सुनेला घेऊन टोकापर्यंत चालत गेली. तिथे सिमेंटवर दोन लांबच लांब काळे पट्टे उमटलेले होते.

"हे कसले हो, आई?"

"विमान थांबलं त्याचे."

सून त्या पट्ट्यांवरून पुढे निघाली. मावशीने तिचा दंड धरून तिला अलगद बाजूला घेतलं, आणि दोघी कडेकडेने चालत राहिल्या.