मास्तर आज बोलले नाहीत

नव्या पोरीनं, सगळ्यांच्या 'नवी'नं, हेडफोन सरळ करेपर्यंत लाइनवर कण्हणं सुरू झालं होतं.

"छातीत... कळ येतेय."

आवाज ओळखला आणि नवीचा जीव भांड्यात पडला. मास्तर! आणीबाणीचे फोन कसे घ्यायचे हे शिकवणारे मास्तर रोज इमारतीच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून खोटा फोन करायचे. परवा ते विहिरीत पडलेले आजोबा होते, काल बाळंतीण. खोट्या फोनवर खरी गाडी सोडायची नाही, हा नियम. आधीच्या पोरीनं आगीच्या खोट्या फोनवर सोडली, तर बंबवाल्यांनी मास्तरांना टेबलासकट भिजवलं. मास्तर वाळले, पोरीची नोकरी गेली.

"कुठे आहात?" असं विचारायचं सोडून, हसू दाबण्याच्या नादात नवी म्हणाली, "वय किती तुमचं?"

"लिफ्ट... आपलीच... अडकलीय."

नवीनं जीभ चावली. आधी पत्ता, मग बाकीचं. ही चूक झाली की मास्तर मरता मरता उठून बसत. कालच्या बाळंतिणीनं तर कळा थांबवून तिची हजेरी घेतली होती. आताही बोलणी खायला ती तयार होऊन बसली.

नुसता श्वास. तोही तुटक.

"मास्तर, मी आधी पत्ता नाही विचारला."

काहीच नाही.

नवीचं बोट गाडी सोडायच्या बटणाकडे गेलं, मागे आलं. ही नोकरी लागल्याचं आईनं अख्ख्या गल्लीत सांगितलं होतं.

तिनं बटण दाबलं.

अँब्युलन्स खाली दारातच असायची. थोड्या वेळानं फोनमधून लिफ्टचं दार पहारीनं उचकटल्याचा आवाज आला, मग ड्रायव्हरमामांचं हसणं.

"ओ मास्तर, आज कोण झालात? उठा, चहा निवतोय माझा."

नवीनं वायरलेस उचलला.

"मामा, मी पत्ता विचारायला चुकले. तरी ते मला बोलले नाहीत."

हसणं मध्येच तुटलं.

"स्ट्रेचर आण रे. पळ."

चाकं खडखडत निघाली. फोन बहुतेक मास्तरांच्या मुठीतच होता. त्यांनी ठेवला नाही, म्हणून नवीनंही ठेवला नाही. दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून ती बसून राहिली.

बऱ्याच वेळानं कापडाआडून आल्यासारखा आवाज आला.

"पत्ता... आधी... बावळट."

"हो मास्तर," नवी म्हणाली. "आणखी बोला. थांबू नका."